माणिकदांची अक्षरं

सत्यजित राय म्हटलं की आपल्याला काय आठवतं? 'पथेर पांचाली', ऑस्कर, भारतरत्न... आणि जी.के.च्या पुस्तकातली एक ठरलेली ओळ. आई-बाबांना विचारलंत तर ते दूरदर्शनवर रविवारी दुपारी लागणाऱ्या, खाली इंग्लिश पट्ट्या असलेल्या बंगाली सिनेमांबद्दल सांगतील. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांचा एकही सिनेमा बघितलेला नाही, हेही खरं!

पण गंमत अशी की त्यांचं काम मात्र आपल्यातल्या बहुतेकांनी हातात घेतलेलं आहे. २००४ साली 'फाइव्ह पॉइंट समवन' आलं ते रूपा या प्रकाशनाकडून. होस्टेलमध्ये हातोहात फिरून ज्याचं कव्हर गळून पडतं, तेच पुस्तक! त्या रूपाचं बोधचिन्ह सत्यजित राय यांनी काढलेलं आहे. लायब्ररीत साहित्य अकादमीचं एखादं मराठी पुस्तक दिसलं तर ते उघडून बघा. अकादमीचं चिन्हसुद्धा त्यांचंच. म्हणजे सिनेमा बघण्याच्या आधीच आपण त्यांची रेघ बघितलेली असते, फक्त ती कुणाची हे माहीत नसतं.

म्हणून हा लेख दिग्दर्शक सत्यजित राय यांच्यावर नाही. तो आहे चित्रकार आणि अक्षरकार राय यांच्यावर, ज्यांना कलकत्त्यात सगळे 'माणिकदा' म्हणायचे. हा माणूस आधी जाहिरात कंपनीत नोकरीला होता. पुस्तकांची कव्हरं काढायचा, अक्षरं वळवायचा, आणि त्यातूनच पुढे सिनेमापर्यंत पोचला. (मराठीत कुणी 'राय' लिहितं, कुणी 'रे'. मी 'राय' लिहिलंय, कारण बंगालीत तसंच आहे.)

गोष्ट सुरू होते त्यांच्या आजोबांपासून, आणि आपल्यासारख्या इंजिनियरिंगवाल्यांना आवडेल अशीच ती आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३-१९१५) हे लेखक, चित्रकार, संगीताचे जाणकार आणि वर मुद्रणतज्ज्ञ! त्या काळात फोटो छापायचा म्हणजे मोठाच प्रश्न होता. छपाईची शाई एकतर कागदावर लागते किंवा लागत नाही. मधला करडा रंग तिच्याकडे नसतो. मग फोटोतली सावली छापायची कशी? त्यावर उपाय म्हणजे हाफटोन. बारीक जाळीच्या काचेतून फोटो काढायचा, की चित्राचे लहानमोठे ठिपके होतात. गडद भागात मोठे ठिपके, उजळ भागात लहान. लांबून बघणाऱ्या डोळ्याला तो करडा रंगच वाटतो. उपेंद्रकिशोरांनी कलकत्त्यात बसून या जाळीच्या कोनांवर आणि कॅमेऱ्याच्या छिद्रांवर संशोधन केलं आणि त्याचे लेख इंग्लंडच्या 'पेनरोज' या मुद्रणविषयक वार्षिकात छापून आले. 'यू. राय अँड सन्स' ही छपाई संस्था त्यांचीच. १९१३ साली त्यांनी मुलांसाठी 'संदेश' नावाचं मासिक सुरू केलं.

वडील सुकुमार राय. कॉलेजात फिजिक्स आणि केमिस्ट्री घेतलेला हा माणूस १९११ साली स्कॉलरशिप मिळवून छपाईचं तंत्र शिकायला इंग्लंडला गेला, आणि परत येऊन बंगालीतल्या सगळ्यात विक्षिप्त, सगळ्यात लाडक्या बालकविता लिहून बसला! चित्रंही स्वतःच काढली. सप्टेंबर १९२३ मध्ये काळ्या आजाराने ते गेले तेव्हा वय फक्त पस्तीस. त्यांचा 'आबोल ताबोल' हा संग्रह त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाहेर पडला. २ मे १९२१ ला जन्मलेला त्यांचा एकुलता एक मुलगा तेव्हा अडीच वर्षांचाही नव्हता.

त्या मुलाला वडील जवळजवळ आठवत नव्हते, पण छापखाना मात्र पक्का आठवत होता. गडपार रोडवरच्या घरातच प्रेस होता. खाली यंत्रांची घरघर, टर्पेंटाइनचा वास, ब्लॉक बनवायचा भलामोठा कॅमेरा. लहानगा माणिक कागदावर काहीतरी रेघोट्या मारायचा आणि ब्लॉकवाल्याकडे जाऊन 'संदेश'मध्ये छापा म्हणून द्यायचा. तो माणूसही मान डोलवून कागद घ्यायचा आणि त्याला उचलून कॅमेऱ्याच्या काचेवर उमटलेलं उलटं चित्र दाखवायचा. पुढे आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे उभं राहिलेल्या माणसाची कॅमेऱ्याशी पहिली ओळख ही अशी, छपाईच्या निमित्ताने झाली.

मग धंदा बुडाला. प्रेस गेला, घर गेलं, 'संदेश' बंद पडला. आई सुप्रभा मुलाला घेऊन भवानीपूरला आपल्या भावाकडे राहायला गेली आणि शिकवण्याची नोकरी करू लागली. माणिक मोठा झाला, प्रेसिडेन्सी कॉलेजात आधी सायन्स आणि मग इकॉनॉमिक्स घेऊन ग्रॅज्युएट झाला. इकॉनॉमिक्समध्ये त्याला काडीचाही रस नव्हता. (ओळखीचं वाटतंय का?)

१९४० साली आईच्या आग्रहाखातर तो शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाला. जायची त्याची फारशी इच्छा नव्हती. कलकत्त्यातले हॉलिवूड सिनेमे आणि पाश्चात्य संगीताच्या रेकॉर्डी सोडून त्या खेड्यात कोण जाणार! पण तिथे दोन शिक्षक भेटले, नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जी. नंदलालबाबू सांगायचे की झाड काढताना कुंचला बुंध्यापासून वर न्यायचा, कारण झाड खालून वर वाढतं. केवढी साधी गोष्ट! पण त्यात अख्खी शिकवण आहे. वस्तूचं नुसतं बाहेरून दिसणारं रूप उतरवायचं नाही, ती घडते कशी ते हाताला कळलं पाहिजे. कुंचल्याचा दाब कमी-जास्त करून एकाच फटकाऱ्यात जाड आणि बारीक रेघ कशी काढायची, हेही त्यांना तिथेच उमगलं. बिनोदबिहारींची दृष्टी जन्मापासून अधू होती आणि पुढे ती पूर्णच गेली, तरी ते काम करत राहिले. आपल्या या गुरूंवर राय यांनी १९७२ साली 'द इनर आय' हा माहितीपट केला.

याच काळात मित्रांबरोबर त्यांनी देशातली जुनी लेणी आणि देवळं पालथी घातली. त्यात आपली अजिंठा आणि वेरूळही होती. वेरूळ तर त्यांच्या डोक्यात इतकं बसलं की तीसेक वर्षांनी त्यांनी आपल्या फेलूदा या डिटेक्टिव्हला एका मूर्तिचोरीच्या तपासासाठी थेट कैलास लेण्यात आणून सोडलं!

पण शांतिनिकेतनात त्यांना आणखी एक गोष्ट कळली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण मोठे पेंटर होणार नाही, हे त्यांना समजलं. भिंतीवर टांगायची चित्रं काढणं हा आपला पिंड नाही. आपल्याला छापलं जाणारं, हजारो लोकांच्या हातात जाणारं, काहीतरी काम असलेलं चित्र काढायचंय. त्या काळात 'कमर्शियल आर्टिस्ट' हा शब्द जरा नाक मुरडूनच उच्चारला जायचा. तरीही पाच वर्षांचा कोर्स अर्धवट टाकून डिसेंबर १९४२ मध्ये ते कलकत्त्याला परतले.

१९४३ साली डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीत ते ज्युनियर व्हिज्युअलायझर म्हणून लागले. पगार महिना ८० रुपये. व्हिज्युअलायझर म्हणजे जाहिरात डोक्यात आधी 'बघणारा' माणूस: चित्र कुठे, मजकूर कुठे, अक्षरं केवढी, रिकामी जागा किती, हे सगळं कागदावर मांडून देणारा. मलेरियाच्या पॅल्युड्रिन या गोळ्यांच्या त्यांच्या जाहिराती बऱ्याच गाजल्या. तोवर इथल्या जाहिरातींतली माणसं बऱ्याचदा विलायती चेहऱ्याची असायची. राय यांच्या चित्रांत बंगाली घर, बंगाली माणसं, अल्पनेची वळणं दिसायला लागली. हळूहळू ते तिथे आर्ट डायरेक्टर झाले. ही नोकरी त्यांनी जवळजवळ तेरा वर्षं केली. तेरा वर्षं!

त्याच कंपनीत डी. के. गुप्ता नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी १९४३ मध्येच 'सिग्नेट प्रेस' ही प्रकाशन संस्था काढली आणि कव्हरं आणि चित्रांचं काम राय यांच्यावर सोपवलं. काय करायचं ते कर, मी मध्ये येणार नाही, असा एकूण कारभार! बंगाली पुस्तकांचा चेहरामोहरा इथून बदलला. नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'ची पहिली आवृत्ती १९४६ साली सिग्नेटनेच काढली, आणि तिचंही कव्हर राय यांचंच.

त्यांची विचार करण्याची पद्धत समजून घ्यायची असेल तर एक कव्हर बघावं. जिम कॉर्बेटच्या कुमाऊंमधल्या नरभक्षक वाघांच्या पुस्तकाचा बंगाली अनुवाद सिग्नेटने काढला. दुसऱ्या कुणीही जबडा वासलेला वाघ काढला असता. राय यांनी वाघ काढलाच नाही! कव्हरभर फक्त वाघाचं पट्ट्यापट्ट्यांचं कातडं, आणि त्यात गोळीने पडलेलं एक भोक. नाव त्या भोकात. पुस्तक उलटं केलं की मागच्या कव्हरवर तीच गोळी बाहेर पडल्याचं भोक, आणि ते पुढच्यापेक्षा मोठं, कारण गोळी शिरते तिथे जखम लहान असते आणि बाहेर पडते तिथे मोठी. पुस्तकाची माहिती त्या मोठ्या भोकात बसवलेली. म्हणजे मजकुराला जागा जास्त लागते हा छपाईचा प्रश्न आणि गोळीचं भौतिकशास्त्र, दोन्ही एकाच आकारात सुटले. आपण याला 'एलिगंट सोल्यूशन' म्हणतो. रामकृष्ण परमहंसांच्या चरित्राच्या कव्हरवर त्यांनी नामावळीच्या, म्हणजे देवाचं नाव छापलेल्या उपरण्याच्या धाटणीची अक्षरं घेतली. तिथे वेगळं चित्र काढावंच लागलं नाही, अक्षरंच चित्र झाली.

इथे जरा लेटरिंगबद्दल बोलायला हवं. फर्स्ट इयरला ई.डी.च्या शीटवर आपण सगळ्यांनी सिंगल स्ट्रोक लेटरिंग केलंय. अक्षराची उंची इतकी, रेघेची जाडी उंचीच्या दहावा भाग, सगळी अक्षरं गाइडलाइनमध्ये. त्यात सगळी धडपड अशी असते की शीट कुणी काढलीय हे अक्षरावरून कळू नये. आमच्या कॉन्व्हेंटमध्येही चार रेघांच्या वहीत कर्सिव्ह गिरवून घ्यायचे, म्हणजे सगळ्या वर्गाचं अक्षर एकसारखं! राय यांचं लेटरिंग बरोबर याच्या उलट्या टोकाचं. पुस्तक कशाबद्दल आहे ते अक्षराच्या आकारावरून, वाचायच्या आधीच कळलं पाहिजे. आणि तरीही ते वाचता आलंच पाहिजे, नाहीतर ती नुसती नक्षी होते. बंगाली लिपीला आपल्या देवनागरीसारखीच वर आडवी रेघ असते. ही रेघ अक्षरांना एकत्र बांधते, पण डिझायनरला मात्र जखडून टाकते. राय यांनी ती रेघ कधी कुंचल्याने फाटल्यासारखी केली, कधी वाकवली, कधी जाड-बारीक केली, कधी तिच्यातूनच चित्र फुलवलं. नियम मोडायच्या आधी तो हाताखाली पक्का बसलेला होता, म्हणूनच हे जमलं.

याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे 'एक्षण' हे नियतकालिक. निर्माल्य आचार्य आणि अभिनेते सौमित्र चटर्जी यांनी ते १९६१ मध्ये सुरू केलं. नावात अक्षरं तीनच: ए, क्ष, ण. राय प्रत्येक अंकाला याच तीन अक्षरांचं नवं कव्हर करायचे. तीच तीन अक्षरं, पुन्हा नव्याने. आणि हे कधी? जगभर त्यांचं नाव झाल्यानंतर!

आता सिनेमा. तो आला एका पुस्तकाच्या चित्रांतून. १९४४-४५ च्या सुमारास सिग्नेटने बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली'ची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढली: 'आम आंटिर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. चित्रं काढायची म्हणून राय यांनी ती गोष्ट नीट वाचली, आणि गुप्तांनीच त्यांना सुचवलं की यावर सिनेमा चांगला होईल. चित्र काढताना प्रश्न पडतात: अपू उभा कुठे? उजेड कुठून येतो? दुर्गाने हातात काय धरलंय? हे प्रश्न चित्रकाराचे आहेत, आणि दिग्दर्शकाचेही तेच असतात. वादळी पावसात बिलगून बसलेल्या अपू-दुर्गासारखी चित्रं आधी पुस्तकात आली आणि दहा वर्षांनी पडद्यावर हलू लागली.

१९५० मध्ये कंपनीने त्यांना लंडनच्या ऑफिसात पाठवलं. तिथल्या काही महिन्यांत त्यांनी शंभराच्या आसपास सिनेमे बघितले. 'बायसिकल थीव्हज' बघून त्यांचं पक्कं ठरलं, आणि परतीच्या बोटीवर 'पथेर पांचाली'चा आराखडा सुरू झाला. तो मुख्यतः चित्रांचा होता. पारंपरिक पटकथेच्या बाडाऐवजी काळ्या शाईत काढलेल्या दृश्यांची वही घेऊन ते निर्मात्यांकडे फिरले. कुणी पैसे दिले नाहीत.

मग विम्याची पॉलिसी, जिवापाड जमवलेल्या रेकॉर्डी आणि पत्नी बिजोया यांचे दागिने असं करत करत काम सुरू झालं. शूटिंग रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, कारण सोमवारी ऑफिस! २७ ऑक्टोबर १९५२ ला काशाच्या पांढऱ्या फुलांच्या रानात पहिलं शूटिंग झालं. पुढच्या रविवारी जाऊन बघतात तर गुरांनी ती सगळी फुलं खाऊन टाकलेली! उरलेल्या दृश्यासाठी पुढच्या वर्षीच्या फुलांची वाट बघावी लागली. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी त्याआधी कधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. पैसे संपले, काम थांबलं, शेवटी पश्चिम बंगाल सरकारच्या पैशावर सिनेमा पुरा झाला आणि २६ ऑगस्ट १९५५ ला कलकत्त्यात लागला. त्याची होर्डिंग्ज राय यांनीच डिझाइन केली. शेवटी जाहिरातवालाच तो! सिनेमाच्या सुरुवातीची नामावलीही हाताने, जाडसर खरखरीत कागदावर, जुन्या पोथीसारखी लिहिलेली आहे. १९५६ साली कान महोत्सवात सिनेमाचा गौरव झाला, त्यानंतर नोकरी सुटली.

नोकरी सुटली, पण बोरू-कुंचला सुटला नाही. पुढच्या बहुतेक सिनेमांची पोस्टरं, टायटल्स, कपड्यांची आणि सेट्सची डिझाइन्स त्यांच्याच हातची. प्रत्येक सिनेमासाठी त्यांच्या 'खेरोर खाता' असायच्या. म्हणजे काय, तर लाल कापडाच्या बांधणीच्या जमाखर्चाच्या चोपड्या, आपला किराणावाला उधारी लिहितो तसल्या! त्यात संवाद, शॉटची चित्रं, पोशाखाचे तपशील, गाण्यांची सुरावट, टायटलच्या अक्षरांचे दहा-दहा प्रयत्न, सगळं एकत्र. १९६९ च्या 'गुपी गाइन बाघा बाइन'मधली चित्रविचित्र भुतं आणि राजे आधी अशा कागदांवरच नाचले. त्या सिनेमाची मूळ गोष्ट आजोबा उपेंद्रकिशोर यांची.

१९६१ मध्ये, चाळिशीला टेकताना, त्यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासोबत आजोबांचं बंद पडलेलं 'संदेश' पुन्हा सुरू केलं. आता मासिक भरायचं तर गोष्टी हव्यात, म्हणून ते लिहायला लागले. प्रोफेसर शंकू इथेच जन्मला आणि १९६५ मध्ये फेलूदाही. चित्रं आणि कथांच्या शीर्षकांचं लेटरिंग अर्थातच स्वतः करायचे. रोमन लिपीतही त्यांनी टाइप रेखाटले: रे रोमन, रे बिझार, डॅफ्निस, हॉलिडे स्क्रिप्ट. त्यातल्या पहिल्या दोघांना १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस मिळालं.

बिशप लेफ्रॉय रोडवरच्या घरात खिडकीशेजारी त्यांची एक खुर्ची होती. त्या खुर्चीत बसायचं, गुडघ्यांवर बोर्ड टेकवायचा आणि काढत राहायचं. स्टुडिओ नाही, असिस्टंटचा ताफा नाही. भोवती पुस्तकांचे ढीग. १९८३ साली 'घरे बाइरे'च्या वेळी हृदयविकाराचा झटका आला आणि काही वर्षं त्यांना मोठा सिनेमा करता आला नाही. शूटिंगला शरीर लागतं. कागदाला मात्र खुर्ची पुरते. त्या काळात लिहिणं आणि चित्रं काढणं चालूच राहिलं. १९८७ मध्ये त्यांनी वडिलांवर, सुकुमार राय यांच्यावर माहितीपट केला. जे वडील आठवतही नव्हते, ते त्यांनी त्यांच्या चित्रांतून आणि कवितांतून परत भेटवले. २३ एप्रिल १९९२ ला माणिकदा गेले. ऑस्कर त्याच्या काही आठवडे आधी, हॉस्पिटलच्या खाटेवर त्यांच्या हातात आलं होतं.

दरवर्षी प्लेसमेंटचा सीझन आला की कँटीनमध्ये एकच वाद रंगतो: नोकरी करायची की आवड जपायची? जणू काही दोन दारं आहेत आणि एकातून शिरलं की दुसरं कायमचं बंद. राय यांचं आयुष्य बघितलं की वाटतं, प्रश्नच जरा चुकीचा मांडलाय. त्या ८० रुपयांच्या नोकरीने त्यांना डेडलाइन शिकवली, दोन रंगांत काम भागवायला शिकवलं, रिकाम्या जागेची किंमत शिकवली. फुकट गेलेली अशी ती तेरा वर्षं नव्हतीच. फक्त एक अट होती, आणि ती कठीण आहे. गोळ्यांची जाहिरात असो की नेहरूंचं पुस्तक, तीन अक्षरांचं नियतकालिक असो की स्वतःचा सिनेमा, रेघ तितक्याच काळजीने ओढायची. झाड बुंध्यापासून वर काढायचं. रविवार हातात असतोच.

— तृतीय वर्ष, प्रॉडक्शन